आक्काचं ॲव्हरेज

"पुलावर ट्रॅफिक होतं," असं मी दाजींना सांगितलं, तेव्हा डॉक्टर अजून आतच होते. दाजी बमरोलीच्या कापड कारखान्यातून थेट हॉस्पिटलात आले होते, केसांत धाग्यांची बारीक पिसं तशीच. "नवागामहून इथं यायला एवढा वेळ?" इतकंच त्यांनी विचारलं होतं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि माझी मोठी बहीण, आमची आक्का, गेल्याचं कळलं. पुढचं सगळं रडण्यात, फोन करण्यात गेलं. पण त्या दुपारी पुलावर ट्रॅफिक नव्हतं. रस्ता मोकळा होता आणि गाडी मी हळू चालवली होती. का, ते सांगायचं तर आधी आक्काच सांगायला हवी...

आक्का लग्न करून खान्देशातून सुरतेला आली आणि कितीतरी वर्षं घरी बसून साड्यांना लेस लावत राहिली. डोळे दुखायला लागले तेव्हा ती गाडी शिकली आणि शाळेच्या मुलांची व्हॅन घेतली. मीही मागून सुरतेला आलो; सकाळची फेरी तिची, दुपारची माझी. गाडी एक, रस्ता एक, मुलंही तीच, तरी तिच्या हातात गाडी जास्त ॲव्हरेज द्यायची. मी म्हणायचो, सकाळी हवा गार असते म्हणून. ती म्हणाली, मग फेऱ्या बदलू. बदलल्या. तरी तेच. मला राग आला आणि तिला मात्र मजा वाटली, कारण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं की हे असं का होतं. छपरावरचा कॅरिअर तिनं काढून टाकला, वाऱ्याला अडतो म्हणून. टायरमधली हवा सकाळी गाडी हलायच्या आत तपासायची, कारण चाललेलं टायर तापतं आणि तापलेलं टायर जास्त हवा दाखवतं. सीएनजी गॅसच्या पंपावर रांगेत उभी राहिली की पुढच्या-मागच्या रिक्षावाल्यांशी तिचं हेच चाललेलं असायचं. पंपावरचा गुजराती माणूसही तिला पाहिलं की आजचं ॲव्हरेज विचारायचा, "बेन, आजे केटली एव्हरेज आपी?"

उतारावर गाडी न्यूट्रल करायची, हे आमच्याकडं सगळेच करतात. मीही करायचो. आक्कानं एकाच पुलावरून कितीतरी दिवस दोन्ही प्रकारे गाडी उतरवून पाहिली आणि मग मला शेजारी बसवून सांगितलं, "गिअर राहू दे, नुसता पाय काढ. तेव्हा इंजिन गॅस मागतच नाही. अन् मोकळी सोडलेली गाडी कोणाचं ऐकत नाही." माझं एकदम ॲक्सिलरेटर दाबणं, मग ब्रेक मारणं तिला सहन व्हायचं नाही. "तुना पाय से का वरवंटा?" ती म्हणायची. "खाली बिबडे वाळत घातले आहेत असं समज." गच्चीवर घातलेल्या ज्वारीच्या ओल्या, पापडासारख्या बिबड्यांवर पाय पडू नये म्हणून आम्ही लहानपणी कसे चालायचो, ते मला तेव्हा पायात आठवायचं.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. पाठ भरून आलीय, घाम येतोय, असं तिनं सांगितलं म्हणून मी तिला व्हॅनमध्ये पुढं बसवलं आणि गल्लीतून बाहेर पडताच जोरात दाबली. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. "घाई कसाले करी ऱ्हायना? पाय हलका ठेव. ॲव्हरेज जाईल." मला इतकं बरं वाटलं... ॲव्हरेजचं बोलतेय म्हणजे फार काही नाही. मी पाय हलका केला. पुलाच्या उतारावर तर काढूनच घेतला. ती डोळे मिटून होती. खाली पोचल्यावर मी म्हणालो, "बघ, जमलं की नाही?" ती बोलली नाही.

काही आठवड्यांनी मी दाजींकडं गेलो आणि ट्रॅफिक नव्हतं हे सांगून टाकलं. त्या दिवसापासून उभ्याच असलेल्या व्हॅनच्या काचा ते पुसत होते, थांबले नाहीत.

"माले माहीत व्हतं," ते म्हणाले. "त्या दिवशी तिची पर्स घ्यायला गाडीत गेलो. काचा लावायला चावी फिरवली तर समोर ॲव्हरेजचा आकडा. गॅस भरला की ती तो शून्य करायची. आदल्या संध्याकाळीच भरला होता, म्हणजे तो आकडा तुमच्या दोघांच्या फेरीचा. इतका चांगला कधी पाहिला नव्हता. अडकलेली गाडी असं ॲव्हरेज देते का?"

"मग बोलला का नाहीत?"

"तिनंच हळू चालव म्हटलं असणार. माझ्या हातात असती तर मीबी हळूच चालवली असती."

जे मला खरं विचारायचं होतं ते तेव्हा कुठं तोंडातून निघालं. "दाजी, ती ॲव्हरेजसाठी म्हणाली, का धक्क्यांनी दुखत होतं म्हणून?"

दाजींनी फडका पिळला, पुन्हा पिळला. "दुखत असतं," ते म्हणाले, "तरी तिनं ॲव्हरेजच सांगितलं असतं."

मग आम्ही दोघं गॅस भरायला गेलो. भरून झाल्यावर दाजींचं बोट मीटरच्या बटणापर्यंत गेलं आणि तिथून त्यांनी हात मागं घेतला. "राहू दे असंच," ते म्हणाले.

आता दोन्ही फेऱ्या मीच करतो. आकडा कुणी शून्य केलेला नाही. रोजच्या चालवण्यानं तो थोडा थोडा खाली सरकतोय, आक्काच्या फेरीत माझ्या फेऱ्या मिसळतायत. पण कधी कधी एखाद्या सकाळी तो दशांशभर वर चढलेला असतो, आणि आज आपण नेमकं काय वेगळं केलं, ते शोधत मी पोरांना शाळेत सोडतो.