साडूंच्या कोंबड्यांचं आसव

कोंबडीला 'अहो' म्हणणारा माणूस उभ्या मराठवाड्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान. अहमदपूरहून लोह्याकडे जाताना रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव, आणि घरामागे त्यांनी स्वतः उभारलेलं बॉयलर कोंबड्यांचं शेड. पिल्लांची खोकी उतरली की साडू धुतलेली टोपी घालून शेडच्या दारात उभे राहत आणि एकेक पिल्लू ओंजळीतून आत सोडताना म्हणत, "या, बसा. पाणी घ्या." हीच मंडळी वजनात भरली की लोह्याच्या नाहीतर नांदेडच्या बाजाराला जाणार, हे त्यांना ठाऊक होतं, पण म्हणून त्यांच्या बोलण्यातला अदब कधी कमी झाला नाही. स्वतः साडूंनी जन्मात मटणाच्या रश्शाला बोट लावलेलं नव्हतं. "तुम्ही खात नाही, मग पाळता कशाला?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "गुरुजी, तुमी भूगोल शिकवता. कुठं कुठं जाऊन आलात?" मी परभणीच्या पुढं फारसा कधी गेलेलो नसल्यामुळे विषय तिथंच संपला.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी लातुरातच एका शाळेत होतो. त्या दिवसांत आमच्याकडे दुसरं बोलणंच नव्हतं. कुठली कचेरी कुठं येणार, साहेब कोण येणार, कुठल्या बाजूला प्लॉट घ्यावा, यावर चहाच्या टपरीवर हातघाईवर येत माणसं. साडूंचं गावही या नव्या जिल्ह्यात आलं म्हणून मी मुद्दाम पेढे घेऊन गेलो. त्यांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "साहेब लोक लई येतेन का आता?" येतील म्हटलं. "कोंबडी खातेत का ते?" खात असावेत म्हटलं. "मग झाला म्हणायचा जिल्हा," असं म्हणून त्यांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि अर्धा कुस्करून शेडमध्ये नेला, कारण एवढी आनंदाची बातमी मंडळींनाही कळायला पाहिजे होती.

पण साडूंची खरी ख्याती होती ती आसवाबद्दल. माझे सासरे वैद्य. त्यामुळे आसवं, अरिष्टं, काढे यांच्या वासातच दोघी बहिणी वाढलेल्या. माझ्या बायकोनं त्यातलं काही उचललं नाही, ही देवाची माझ्यावर कृपा. आक्कांनी मात्र सगळं उचललं. साडूंच्या पहिल्याच खेपेची पिल्लं सर्दीनं घुरघुरायला लागली तेव्हा आक्कांनी अडुळसा, तुळस, गुळवेल, ओवा, लसूण आणि हळद चेचून गुळाच्या पाण्यात कालवली, त्यात माहेरून आणलेलं तांब्याभर जुनं आसव विरजणासारखं घातलं आणि रांजणाचं तोंड फडक्यानं बांधून टाकलं. काही दिवसांनी ते पाणी फसफसायला लागलं. मग रोज ते थोडं थोडं मक्याच्या भरड्यात कालवून पिल्लांना द्यायचं. पिल्लं बरी झाली. आसवानं झाली, की आक्का दिवसरात्र शेगडी घेऊन त्यांच्याजवळ बसून राहिल्या म्हणून झाली, हे मला अजून सांगता यायचं नाही, आणि साडूंना तर ते जाणून घ्यायचंच नव्हतं. तेव्हापासून त्यांच्या घरचा रांजण कधी रिकामा झाला नाही. जेवढं काढायचं तेवढं गुळाचं पाणी आणि पाला परत घालायचा, जुन्यानं नव्याला उठवायचं. एकाचे तीन रांजण झाले. पुढं आक्का दुखण्यानं गेल्या. रांजण तसेच चालू राहिले.

आक्का गेल्यावर साडूंचं आसवाचं वेड फारच वाढलं. रोज सकाळी ते रांजणाला कान लावून बसत. आत बुडबुडे नीट फुटत असले की समाधानानं मान हलवून म्हणत, "बोलून राहिलंय." भरडा कालवला की पहिला घास स्वतः चाखत. दारात आलेल्या माणसाला चहाआधी अर्धी वाटी आसव, मग तो तक्रार करायला आलेला का असेना. मी ते पहिल्यांदा प्यालो तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि साडूंना वाटलं, मला आक्कांची आठवण झाली. त्यांच्या कपड्यांनाही तो आंबूस, ओव्याचा वास कायमचा चिकटला होता. यष्टीत कंडक्टर त्यांना न विचारताच मागच्या खिडकीजवळ बसवायचा. एकदा त्या वासावरून कुणीतरी हातभट्टीची खबर दिली आणि जमादार दोन शिपाई घेऊन घरात शिरले. "काय काढता इथं?" असा दरडावून प्रश्न आला. साडू शांतपणे म्हणाले, "कोंबड्याचं औषध हाय, साहेब. घेऊन बघा." जमादारांनी पुरावा म्हणून एक वाटी घेतली, खात्री पटेना म्हणून दुसरी घेतली, आणि जाताना आईच्या खोकल्यासाठी बाटली भरून नेली. पंचनाम्याचं पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

आणि मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, दुसऱ्या वर्षीही गेला. बांधावरचा अडुळसा काटक्यांसारखा झाला, विहिरीचा तळ दिसायला लागला, आणि गावात टँकर सुरू झाला. टँकर गावविहिरीत पाणी ओतायचा, ग्रामसेवक त्यात ब्लीचिंग पावडर टाकायचा, आणि मग लोकांनी शेंदून न्यायचं. त्या पाण्याला उग्र वास यायचा. गाव नाक मुरडत होतं. साडू मात्र खूश होते. त्यांचा विचार सरळ होता: पाण्यात सरकारनं औषध टाकलंय, रांजणात आपलं औषध आहे, दोन औषधं एक झाली तर ताकद दुप्पट. त्यांनी दोन मोठे रांजण त्या पाण्यानं काठोकाठ भरले. दोनतीन दिवसांत बुडबुडे बंद झाले. पावडरीनं आतलं जे जिवंत होतं ते मारून टाकलं, एवढं भूगोलाच्या मास्तरालाही कळलं असतं. पण विचारायला मी तिथं नव्हतो. आम्हाला लातूरला निरोप आला तो एवढाच: "आसव बोलंना झालंय. बाईला घेऊन या." बाई म्हणजे माझी बायको; ती निरोप ऐकून पांढरीफटक पडली. घरात पुन्हा कुणी गेल्यासारखाच तो निरोप होता.

आम्ही पोचलो तेव्हा भर दुपार होती. टँकर दोन दिवस आलेला नव्हता. मोठ्या रांजणांतलं मेलेलं पाणी साडूंनी कोंबड्यांना पाजून संपवलं होतं, सकाळी घरातला पिण्याचा हंडाही तिकडेच गेला होता, आणि शेजारीपाजारी कुणाच्या घागरीत घोटभर पाणी नव्हतं. उरला होता स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला धाकटा रांजण. आक्कांनी स्वतःच्या हातानं लावलेला तो पहिला. टँकरचं पाणी त्यात पडलं नव्हतं, आणि कान लावला की आत अजून बारीक आवाज येत होता. बायकोनं लातूरहून एक बाटली धुऊन आणली होती. तेवढं विरजण घेऊन जाऊ, तिकडे उकळून गार केलेल्या पाण्यावर वाढवू, पाऊसपाणी झालं की परत आणून देऊ, असं तिनं वाटेतच ठरवलं होतं.

साडूंनी तिला रांजणाजवळ नेलं खरं, पण त्यांचं लक्ष शेडकडे होतं. पत्रा तापून आत भट्टी झाली होती. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून धापा टाकत होत्या; भिंतीकडेच्या काही आडव्या झाल्या होत्या. साडू एकदा शेडमध्ये गेले, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मग त्यांनी रांजण उचलून कडेवर घेतला.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अहो, उद्या सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो येतोय. उद्या कापायच्या कोंबड्यांसाठी आज आक्कांचा रांजण रिता करता?"

"उद्या मरायचंय म्हून आज तान्हलेलं ठिवायचं व्हय, गुरुजी?"

बायको आडवी आली. "दाजी, बाटलीभर तरी ठेवा. आक्काच्या हातचं आहे हो ते."

साडू थांबले. रांजणाकडे बघत म्हणाले, "बाई, आतल्या कुणाला न्हाई म्हणू, ते सांग. आन् आज तुझी आक्का असती, तर तिनं बाटली धरली नसती."

बायकोनं बाटली खिडकीत ठेवून तांब्या घेतला. आम्ही तिघांनी मिळून ते आसव भांड्याभांड्यांतून फिरवलं. शेवटच्या कोपऱ्याला पुरेना, तेव्हा साडूंनी तळाचा गाळसुद्धा हातानं निपटून भरड्यावर घातला. एरवी एवढी बडबड करणारा हा माणूस त्या वेळी एकेका कोंबडीसमोर भांडं धरून नुसता उकिडवा बसत होता. काही दगावल्या, बऱ्याचशा वाचल्या. आणि दिवेलागणीला वेशीवर टँकरचा हॉर्न वाजला. त्या हॉर्नचा मला इतका संताप आला की बस्स. साडूंनी मात्र घागरी उचलल्या आणि ते गपचूप रांगेत जाऊन उभे राहिले.

सकाळी टेम्पो आला, भरला, निघून गेला. साडूंनी शेड झाडलं, भांडी घासून पालथी घातली आणि मोकळ्या शेडच्या उंबऱ्यावर बसले. बायकोनं चहा आणून दिला, तो त्यांनी शेजारी ठेवला. आक्का गेल्या त्या दिवशी हा माणूस रडला नव्हता. तिरडी बांधताना लोकांना आसव पाजत फिरत होता, आणि आम्ही सगळे त्याला वेड्यात काढत होतो.

"गुरुजी," ते म्हणाले, "येवढे दिवस ती घरात काम करूनच राहिली होती. आता गेली."

आणि टोपीत तोंड घालून ते लहान पोरासारखे रडले. मी त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसलो, बायको त्यांच्या पायाशी बसली, आणि ऊन पार अंगावर येईपर्यंत आम्ही तिघंही तिथून उठलो नाही.