वीस आकडे मोजेपर्यंत

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळे त्याला डुलकी म्हणत. नवी पोरं डुलकीकाका. कारण साधं होतं. दुपारचा भोंगा झाला की झाकणं दाबणारी यंत्रं थांबायची, अडीचशे माणसं हात धुऊन जेवणाच्या खोलीत घुसायची, आणि चौथ्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला हा गृहस्थ डबा उघडून डोळे मिटायचा. वीस आकडे मोजेपर्यंत. पहिल्याच दिवशी कोणीतरी ओरडलं, "अरे, याला डुलकी लागली बघा!" आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

डुलकी काही झोपत नसे. तो प्रभू येशूचे आभार मानत असे. पण त्या वीस आकड्यांत त्याच्या डब्यातलं उकडलेलं अंडं पसार व्हायचं. एक दिवस नाही, एक वर्ष नाही, चांगली अठरा वर्षं! चोर एवढे तरबेज की चमचा वाजल्याचासुद्धा आवाज नाही. हा डोळे उघडायचा तेव्हा समोरचे सहाजण आढ्याकडे बघत पाव चघळत असायचे, जणू छताला काय जळमटं लागलीत याचीच त्यांना काळजी. "आज कुणाला भूक जास्त लागली वाटतं," एवढंच म्हणून तो बटाट्याकडे वळायचा.

लग्नानंतर सहा महिन्यांनी ही भानगड बायकोला कळली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"म्हणजे रोज पहाटे उठून मी चोरासाठी अंडं उकडते?"

"दोन उकड. एक बटाट्याखाली लपव."

"त्यापेक्षा एक डोळा उघडा ठेवा ना! प्रभू काय रागावणार आहे?"

"प्रभू नाही रागावणार गं. पण कोण घेतो ते मला दिसेल. मग त्या एकावर प्रेम करायला फार मेहनत पडेल. आत्ता कसं, सगळे सारखे."

बायकोने कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन अंडी द्यायला लागली. तीही विश्वासी घरातलीच. पण तिच्या वडिलांची जेवणाआधीची प्रार्थना इतकी लांबायची की ताटातलं सगळं गार होऊन जायचं, तेव्हा तिने लहानपणीच लांब प्रार्थनांचा धसका घेतला होता. घरी प्रार्थना डुलकीने म्हणायची आणि तिने शेगडीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवून "आमेन" म्हणायचं, अशी वाटणी होती.

डुलकीला मात्र हा विश्वास घरातून मिळाला नव्हता. बाविसाव्या वर्षी पाय मोडून तो तीन महिने इस्पितळात पडला होता, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या एका म्हाताऱ्याने त्याला शुभवर्तमान वाचून दाखवलं. तो म्हातारा स्वतः वेदनेने कळवळत असायचा आणि तरी वाचायचा. लंगडत घरी आल्यावर डुलकीने आपण आता कोणाचे झालो ते सांगून टाकलं. थोरल्या भावाने त्याच संध्याकाळी त्याला घराबाहेर काढलं. सायकल ठेवून घेतली आणि हातात हवेचा पंप दिला. "दादा जरा गडबडीत होता," असं डुलकी हसत सांगायचा. त्या रस्त्यावर पंप छातीशी धरून आपण लहान मुलासारखं रडलो, हे मात्र त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं.

असा हा माणूस. सगळं हसण्यावारी नेणारा. पण अलीकडे गावातली हवा बदलत चालली होती. आधी प्रार्थनाघराच्या दोन काचा फुटल्या, मग सगळ्याच. कोणीतरी दारावर डांबर फासलं. पुढे चौकशी होईपर्यंत म्हणून दाराला कुलूप लागलं आणि ती चौकशी करायला कोणी फिरकलंच नाही. पाळकांना दुसऱ्या गावी जावं लागलं. उरलेली पाच-सहा घरं एकेकाच्या खोलीत जमून हळू आवाजात गायची. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली की आणखी हळू. किराणावाला "माल संपला" म्हणायला लागला, मागे पोती दिसत असतानासुद्धा. डुलकीची अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या बाकावर एकटी बसू लागली. ती घरी येऊन म्हणायची, "बरंच झालं, दप्तर ठेवायला जागा मिळते." लेक बापावर गेली होती, आणि त्यानेच बापाच्या पोटात तुटायचं.

अशातच कारखान्यात नवा साहेब आला. कपड्यांना इस्त्री, बोलणं मऊ. पंधरा दिवसांनी जेवणाच्या खोलीत एक कागद लागला: भोजनाच्या वेळी कोणीही डोळे मिटून बसू नये, सुरक्षेच्या कारणास्तव. अडीचशे माणसांनी तो वाचला आणि अडीचशे माणसं चौथ्या टेबलाकडे बघायला लागली. जेवणाच्या खोलीत नुसती टेबलं, बाकडी आणि एक पाण्याचं पिंप. डोळे मिटल्याने कोणाचा हात पिंपात सापडणार होता ते साहेबच जाणे.

डुलकीने त्या दिवशीही वीस आकडे मोजेपर्यंत डोळे मिटले. साहेबाने त्याला खोलीत बोलावलं, बसायला खुर्चीसुद्धा दिली.

"हे बघा, माझं वैयक्तिक काही नाही," साहेब म्हणाला. "मनात काय हवं ते म्हणा. मनात कोण बघतंय? फक्त डोळे उघडे ठेवा. सोमवारी मी स्वतः येऊन बघेन. जमत नसेल तर कंपनीच्या खोल्या रिकाम्या करा आणि हिंडायला मोकळे व्हा."

खोल्या दोनच होत्या, पण बायकोचा त्यांत जीव होता. विशेषतः स्वयंपाकाच्या खोलीतल्या पूर्वेकडच्या खिडकीत. झाकणं दाबण्याचं काम सोडून डुलकीला दुसरं काही येत नव्हतं, आणि झाकणं दाबणारा दुसरा कारखाना आसपास नव्हता. म्हणजे सोमवारी काय जाणार होतं ते अगदी स्पष्ट होतं.

पंचाईत अशी की साहेबाचं म्हणणं त्याला चुकीचं वाटत नव्हतं. प्रार्थना काही पापण्यांत नसते. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनीही तेच सांगितलं, "बाबा रे, प्रभू उघड्या डोळ्यांनी केलेली प्रार्थनाही ऐकतो. लेकराबाळांचा विचार कर." रविवारी संध्याकाळी त्याने घरी सराव करून बघितला. ताटासमोर बसला आणि डोळे टक्क उघडे ठेवून मनात आभार मानायला लागला.

"झालं?" बायकोने विचारलं.

"कुठलं! बटाट्याला एक काळा डाग आहे, तोच दिसतोय."

मुलगी फिस्सकन हसली. मग तोही हसला, मग बायकोही. हसू ओसरल्यावर तो म्हणाला, "मला उघड्या डोळ्यांनी जमलं असतं गं. कुणी सांगितलं नसतं तर नक्की जमलं असतं. पण उद्या मी डोळे उघडे ठेवले, तर अडीचशे माणसांना काय कळेल? की हा इतकी वर्षं उगाचच मिटत होता."

बायकोने बटाट्यावरचा काळा डाग नखाने काढून टाकला. "मला विचारू नका," ती म्हणाली. "मी खिडकीच्या बाजूने बोलेन."

सोमवारी साहेब चहाचा कप घेऊन दाराशी उभा राहिला. डुलकीने डबा उघडला. झाकण हातातून निसटून खाली पडलं, आणि झाकणांत उभा जन्म घालवलेल्या माणसाला ते पटकन उचलताही येईना. समोर जाड्या बसला होता, मालाच्या गाड्या ओढणारा. तो पुढे वाकून कुजबुजला, "डुलक्या, आज उघडे ठेव. आईची शपथ, तुझ्या अंड्याला हात नाही लावणार."

डुलकीने डोळे मिटले.

आणि त्याला काही आठवेना. रोजचे आभाराचे शब्दच डोक्यातून पळाले होते. तो फक्त येशूचं नाव घेत राहिला, पाण्यात पडलेला माणूस काठावरच्याला हाक मारतो तसं. वीस आकडे होऊन गेले असतील, चाळीस झाले असतील. डोळे उघडले तेव्हा अंडं जागेवर होतं आणि साहेब कप खाली ठेवत होता.

"चावी संध्याकाळपर्यंत," साहेब म्हणाला.

"जेवून घेतो," डुलकी म्हणाला, आणि खरंच सगळा डबा जेवला.

घरी पोचला तेव्हा बायको दारातच होती. "मिटलेत ना?"

"मिटले."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात वळकट्या बांधायची दोरी होती. "बसून काय राहिलात? कपाट रिकामं करा," ती करवादली.

सामान न्यायला जाड्या आला, तोही कंपनीचीच हातगाडी घेऊन, साहेबाच्या खिडकीखालून. रस्त्यात तो म्हणाला, "एक सांगू? अठरांतली बारा वर्षं मीच."

"आणि उरलेली सहा?"

"ते नाही सांगणार. त्या माणसाला चार पोरं आहेत."

डुलकी एवढा हसला की गाडी थांबवावी लागली.

इथवर कोणालाही वाटेल की जिंकला आपला डुलकी. त्यालाही तसंच वाटलं होतं, साधारण आठवडाभर. मग शिंप्याच्या दुकानामागची ती एक खोली, जिला खिडकीच नव्हती, दिवसेंदिवस लहान होऊ लागली. काम मागायला जिथे जिथे गेला तिथे आधी बस म्हणत, मग कोणीतरी कानाशी लागे आणि जागा भरलेली निघे. बायकोने चार घरचं धुणं धरलं. तिच्या बोटांची सालं निघाली तरी ती तोंडातून ब्र काढत नव्हती, आणि ती गप्प राहते हेच डुलकीला सहन होत नव्हतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. अडीचशे माणसांसमोर टिकलेला माणूस त्या रिकाम्या दुपारींसमोर टिकेना. दिवसभर भिंतीकडे बघत बसायचा. जेवणाआधीची प्रार्थना हळूहळू आखूड झाली, मग नुसती पुटपुट उरली.

दुसरा महिना संपत आला तेव्हाची गोष्ट. त्या दिवशी एका गोदामात त्याला काम मिळाल्यासारखं झालं होतं. अंगावर गणवेशही चढवून झाला होता, आणि मालकाने तो सगळ्यांदेखत उतरवून घेतला. संध्याकाळी सातला तिघं जेवायला बसली. पाव होता आणि मीठ घातलेलं बटाट्याचं पाणी. डुलकीने पावाचा तुकडा मोडला आणि सरळ तोंडाकडे नेला.

बायकोने त्याचं मनगट धरलं.

"अहो, थांबा."

"सोड. मला बोलायचं नाहीये त्याच्याशी."

"नका बोलू," ती म्हणाली. मनगट तिने सोडलं नाही. डोळे मिटले आणि मोठ्याने सुरू झाली, शेजाऱ्यांच्या भिंतीची पर्वा न करता.

"प्रभू, मी बोलतेय. मला लांबलचक येत नाही, तुला माहीत आहे. या माणसाने तुझ्यापायी नोकरी घालवली, खोल्या घालवल्या, माझी खिडकी घालवली. तेव्हा मला फार राग आला होता, त्याचा नाही, तुझाच. आता तो तुझ्यावर रागावलाय. रागावू दे. पण तू त्याला सोडू नकोस, माझ्या एकटीच्याने तो सावरत नाही. त्याला एखादं काम बघ. पोरीच्या बाकावर कुणीतरी बसव. आणि आजचा पाव दिलास, त्याबद्दल आभार मानते. उद्याचाही दे."

डुलकीचे डोळे उघडे होते. इतकी वर्षं तो स्वतः डोळे मिटून असायचा, त्यामुळे प्रार्थना करणारं माणूस दिसतं कसं, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं. बायकोच्या कानाजवळ केस पांढरे झालेले होते. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात त्याचं मनगट होतं आणि दुसऱ्यात मुलीचा हात. मुलीने एक डोळा किलकिला करून बापाकडे बघितलं आणि पटकन मिटून घेतला.

"आमेन" म्हणायची पाळी आता त्याची होती. त्याने हातातला पावाचा तुकडा ताटात ठेवला. बायकोने डोळे उघडले नाहीत.

"म्हणा सावकाश," ती म्हणाली. "मी थांबलेय."

बटाट्याचं पाणी गार झालं तेव्हा कुठे त्याला ते म्हणता आलं.