देडतलाईचे ओले पाट

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी वसंत शेजारच्या दगाच्या विहिरीत वजन बांधलेली फीत सोडत होता. देडतलाईच्या शिवारात हायड्रोजनचा कारखाना चालेल का, याचा अभ्यास सुरू आहे. उन्हापासून वीज, त्या विजेने पाण्यातून वायू, आणि तो वायू शहरांकडे जाणाऱ्या गॅसच्या पाइपात, असा बेत. उन्हाची कमी नाही. पाण्याचं ठरायचं होतं. कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या वसंतला विहिरी मोजायचं काम त्यासाठीच मिळालं. पण त्याचा डोळा मजुरीवर नव्हता. मुलगा रितेश फिटर आहे, कित्येक वर्षं सुरतेत. कारखाना इथं आला तर पोरगा घरी राहील.

फीत तळाला टेकली. पाणी गुडघाभर. बाजूला केळीचा पाट मात्र ओलागच्च.

"रातभर मोटर चालवली का रे, दगा?"

"लाइट होती, चालवली. तुम्हीच तर बोलले ना भाऊ, कारखाना पाणी पितो. मग पाणी दाखवून त्याला जेवायला बसवू का?"

ते वाक्य पारावर वसंतच बोलला होता, जरा ऐटीत, आपल्याला कळतं हे दाखवायला. पुढच्या विहिरींचीही तीच गत निघाली. त्याने अभ्यास पथकातल्या प्रतिभा मॅडमना खरं ते सांगितलं.

"काका, एक दिवस सगळ्यांना मोटरी बंद ठेवायला सांगा. परवा पुन्हा मोजू. तेव्हाही तळच दिसला, तर हे शिवार यादीतून जाईल."

वसंत घरोघर फिरला. लोकांनी चहा पाजला, हो हो म्हणत माना हलवल्या.

तिसऱ्या दिवशी त्याने आधी स्वतःचीच विहीर मोजायला घेतली. वजन चिखलात रुतलं. बांधावर बायको सरुबाई उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"तू पण?"

"रितेश येईल म्हणता. येऊन पिईल काय?"

"इतकं नाही लागत गं कारखान्याला पाणी."

"मागं वरच्या अंगाला बोर झाले तेव्हाबी तुम्ही असंच बोलले होते. केळी आडवी झाली आपली." तिने लुगड्याचं टोक पिळलं. "पोरगा मलाबी पाहिजे."

वसंतने फीत गुंडाळली. मॅडमना आकडा होता तोच सांगितला. दुपारी शिवार यादीतून गेलं.

संध्याकाळी त्याने सुरतेला फोन लावला.

"पप्पा, टेन्शन मत लो," रितेश म्हणाला. "इथं ओव्हरटाइम मिळतोय. आखाजीच्या सणाला पाहतो, जमलं तर."

सरुबाईने फोन घेतला, जेवलास का विचारलं आणि परत दिला.

मोजणी आता चांदनी गावाकडे सरकली आहे. उद्या साडेपाचला वसंतला तिथल्या पहिल्या विहिरीवर हजर व्हायचं आहे. सुरतेत रितेशची पाळी सातला लागते.