रिकाम्या गाडीची थरथर

मोहिउद्दीन मिस्त्री एका जागी टिकून बसायला तयार नव्हता. खेमसिंग राठोडची फोर-बाय-फोर गाडी फुलसावंगीतल्या त्याच्या गॅरेजसमोर पुन्हा येऊन उभी राहिली, तेव्हापासून हेच चाललं होतं. गाडीखाली शिरायचं, बाहेर यायचं, रस्त्यात उभं राहून कमरेवर हात ठेवून गाडीकडं पाहायचं, की पुन्हा खाली. धाकटा भाऊ परवेज मागितलेला पाना शोधून आणेस्तोवर यानं दुसराच मागितलेला असे. परवेजचं डोकं उठलं होतं, पण मोठ्या भावापुढं तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती.

गाडी उंच करून दिली होती ती मोहिउद्दीननंच. खेमसिंगच्या तांड्याला जाताना नाला लागतो, आणि त्या नाल्यातले धोंडे गाडीचं पोट खरडून काढत. खेमसिंग म्हणाला, मिस्त्री, हिले जरा वर उचल. मिस्त्रीनं उचलली. मागच्या चाकांवरच्या पाट्यांच्या कमानीत एकेक पाटा वाढवला, पाटे ज्यांच्यावर लटकतात त्या लोखंडी पट्ट्या लांब घातल्या, पुढच्या स्प्रिंगाही बदलल्या. गाडी अशी ऐटीत उभी राहिली, की चौकातली माणसं चहा टाकून पाहायला आली. आणि आठवडा होत नाही तो खेमसिंग तक्रार घेऊन हजर. गाडी डावीकडं ओढते, आणि साठच्या पुढं काटा गेला की अशी थरथरते, की बोललेलं शेजारच्याला समजत नाही.

दुसरा मिस्त्री असता तर ओशाळला असता. हा पठ्ठ्या मनातल्या मनात खुश झाला. आता बोला! कारागिराला आपल्याच कामात खोट निघाल्याचा आनंद! पण त्याला कारण होतं, आणि ते त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. उन्हाळ्यापासून त्याचा उजवा हात कापत होता. सारखा नाही. रिकामा मांडीवर पडला की कापायचा, आणि काही धरलं की बहुतेक थांबायचा. आधी त्याला वाटलं दमणूक असेल. मग वाटलं हवा लागली असेल. मग त्यानं वाटून घेणं सोडलं आणि हात खिशात ठेवायला लागला.

या हातावर तर त्याचं सगळं होतं. बॉनेटवर तळवा ठेवून तो सांगायचा, कोणता नट ढिला हाय. स्टेअरिंगला दोन बोटं लावून सांगायचा, कोणत्या चाकाची बेअरिंग गेली. महागाव-माहूर लायनीवरच्या जीपा त्याच्या या तळव्यावर चालल्या. गाडी उंच केल्यावर त्यानं चौकातली माणसं मागं बसवून ट्रायल मारली, तेव्हा स्टेअरिंग थरथरलं, असं त्याला स्पष्ट वाटलं. मागं बसलेल्यांना विचारलं, तर सगळे म्हणाले, नाही बाप्पा, गाडी तर लोण्यासारखी चालून राह्यली. म्हणजे कापतो तो आपला हातच, असं त्यानं त्या दिवशी मनाशी धरलं. मग खेमसिंग येऊन सांगतो, की गाडी थरथरते! म्हणजे खोट गाडीत होती, हातात नव्हती. मोहिउद्दीननं अल्लाचे आभार मानले आणि कामाला लागला.

परवेजला सोबत घेऊन तो गाडी पुसदला घेऊन गेला. तिथं मशीनवर चाकांचं अलाइनमेंट केलं, बॅलन्सिंग केलं. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं, की गाडी उचलल्यानं पुढच्या चाकांचा कोन बिघडला होता, तो आता बसला, ओढणार नाही. थरथर मात्र मागून येत असेल, शाफ्ट पाहून घ्या. मोहिउद्दीननं मान हलवली, आणि बाहेर येऊन परवेजजवळ कुरकुरला, की शाफ्ट मी पाह्यला नसन का? शाफ्ट त्यानं खरंच पाहिला होता. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा तो दांडा सरळ होता, दोन्ही टोकांचे सांधे, म्हणजे क्रॉस, नवे होते, ग्रीस भरलेलं होतं.

येताना, या रस्त्यावर होतं तसं, गाडी भरली. रिकामी गाडी घेऊन थांब्यावरच्या माणसांसमोरून सुसाट निघून जाणं आपल्याकडं कोणाला जमत नाही, आणि मिस्त्रीला तर नाहीच. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बाया, एक म्हातारा, सोयाबीनचं बियाणं घेतलेले दोघं, सगळे कोंबले. चांगल्या रस्त्यावर त्यानं गाडी पळवली. ओढणं गेलं होतं. थरथर? त्याला लागत होती. त्यानं मागं वळून विचारलं. म्हातारा म्हणाला, कायची थरथर? पोट हाललं नाही माहं. परवेजही नाही म्हणाला.

गाडी खेमसिंगला दिली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. म्हणे, थरथरते. आता या माणसाचं काय होत असेल, तुम्हीच सांगा. खेमसिंग थरथरते म्हणाला, की याचा जीव भांड्यात पडे, आणि गाडी तपासून लोक नाही म्हणाले, की जीव पुन्हा वर येई. त्याला जेवण गोड लागेना. नमाजाला उभा राहिला तरी ध्यान शाफ्टकडं. घरी हुस्नाबी त्याला चहा अर्धाच कप देत होती. तो खेकसला, घरातलं दूध आटलं काय? ती आत जाऊन उरलेला अर्धा दुसऱ्या कपात घेऊन आली. तेव्हा त्याला उमगलं, की ती कितीतरी दिवसांपासून चहा सांडू नये म्हणून अर्धाच देत होती. त्याला तिचा राग आला. मग स्वतःची इतकी लाज वाटली, की तो चहा तसाच ठेवून गॅरेजात निघून गेला आणि चांगली असलेली चारही चाकं पुन्हा खोलून बसला.

खेमसिंग या वेळी बायकोला घेऊन आला होता. कौसल्याबाई बाकड्यावर बसून हा सगळा खटाटोप पाहत होती. तिनं आपलं सहज विचारलं.

"मिस्त्रीभाऊ, एक सांगू का? तांड्यातल्या बाया बाजाराले भरून नेल्या का गाडी काहीच करत नाही. आमी दोघंच असलो का मंग थरथरते. आन् आमी तर दोघंच असतो. पोरं पुण्यात."

मोहिउद्दीनच्या हातातलं चाक तसंच राहिलं. तो उठला, परवेजला म्हणाला, बस मागं. खेमसिंगला, कौसल्याबाईला, शेजारच्या पंक्चरवाल्याला, सगळ्यांना मागं बसवलं आणि आपण खाली शिरला. माणसांच्या वजनानं मागचा भाग दबला होता आणि शाफ्ट इंजिनाकडून मागं जवळजवळ सरळ रेषेत गेला होता. मग त्यानं सगळ्यांना उतरवलं. गाडीचं बूड वर उठलं, मागच्या चाकांमधल्या हाउसिंगचं, म्हणजे शाफ्ट ज्याला जोडतो त्या गोळ्याचं, तोंड खाली झुकलं, आणि शाफ्ट तिरपा झाला. असा तिरपा दांडा जोरात फिरला, की क्रॉस प्रत्येक फेऱ्याला झटका देणार. तो उताणा पडून पाहतच राहिला.

जन्मभर त्यानं सवारीच्या जीपा उचलल्या होत्या. त्या जीपांचं बूड रिकाम्यात मुद्दाम वर ठेवावं लागतं, कारण आत दाटीवाटीनं माणसं, मागं लोंबकळणारी वेगळी, टपावर पोती. भरल्या की त्या बरोबर समपातळीत येतात. त्यानं खेमसिंगची गाडीही त्याच हिशेबानं उचलली होती. दोन माणसांची गाडी त्यानं भरलेली धरली होती. आणि ट्रायलही प्रत्येक वेळी माणसं कोंबूनच मारली होती.

उपाय लहान होता. पाटे आणि मागच्या चाकांचा आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवायची, म्हणजे हाउसिंगचं तोंड वर उचलून शाफ्टसमोर येतं. पाचरी घासताना त्याचा हात अजिबात कापला नाही. खेमसिंगला त्यानं सांगितलं, की चूक माझीच होती, भाऊ. खेमसिंग हसून म्हणाला, चला, सापडली ना. गाडी संध्याकाळी घेऊन जाऊ, असं सांगून नवराबायको बाजारात गेले.

ट्रायलला चौकातले दोघंतिघं सवयीनं दार उघडून चढायला लागले. मोहिउद्दीननं त्यांना उतरवलं. फक्त परवेज बसला. महागावच्या वाटेला चांगला डांबरी पट्टा लागला, तशी त्यानं गाडी पळवली. साठ. सत्तर. काटा त्याच्याही पुढं गेला. परवेज म्हणाला, बंद झाली भाई, एकदम बंद.

खरंच बंद झाली होती. सीट गप्प, दार गप्प, पायाखालचा पत्रा गप्प. स्टेअरिंग त्यानं डाव्या हातानं धरून पाहिलं, तेही गप्प. मग उजव्या हातानं धरलं. थरथर होती. त्यानं तो हात काढून मांडीवर ठेवला, आणि मांडीवर तो आणखीच कापायला लागला. इतके दिवस तो त्या गाडीत खोट शोधत होता, आणि ती सापडून दुरुस्त होऊ नये असंही त्याला वाटत होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं. त्याला आपल्या कामाचाच राग आला. इतकं चोख काम त्यानं कायले करावं?

त्यानं गाडी निंबाच्या सावलीत उभी केली. परवेजला वाटलं, पुन्हा काही ऐकू आलं, म्हणून तो खाली वाकायला लागला. मोहिउद्दीननं त्याला थांबवलं आणि हात त्याच्यासमोर धरला.

"गाडीत काही नाही राह्यलं आता," तो म्हणाला. "जे हाय ते माह्या हातात हाय. उन्हाळ्यापासून हाय. मले भेव लागते, परवेज."

परवेजनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. धरल्यावर तो थांबला, सोडल्यावर पुन्हा सुरू झाला. परवेजला रडू येत होतं, पण मोठ्या भावापुढं रडायचीही रीत नव्हती. मोहिउद्दीनच खाली उतरला, वळसा घालून त्याच्या दाराशी आला आणि म्हणाला, सरक तिकडं, आता तू चालव. खेमसिंगला फोन करून सांग, गाडी उद्या मिळेल. पुसदला डॉक्टरकडं जाऊ.

वाटेत थांब्यावर माणसांनी हात दाखवले. परवेजनं भावाकडं पाहिलं. मोहिउद्दीननं हातानं पुढचा रस्ता दाखवला, म्हणून तो थांबला नाही. पुसदपर्यंत गाडी इतकी सुरळीत चालली, की मोहिउद्दीनला रस्ताभर तिच्यात चूक काढायला काहीच सापडलं नाही.