पाणी तोडायचं बटण

माझ्या एका नातवाने दुसऱ्याचा हात आरीने कापला, तो एका खेळापायी. खेळ टीव्हीवरचा, आणि दोघेही मिशा फुटलेले, बाविशी-चोविशीचे. एक माझ्या मुलाचा मुलगा. आम्ही मोर्शीजवळ मळ्यातच राहतो. तो जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे बांधून कलमं करतो, आणि त्याच्या बोटांना आसपासच्या रोपवाटिकांत मागणी आहे. दुसरा माझ्या मुलीचा, अकोल्याचा. त्याला लाइनमनच्या नोकरीचा हुकूम आला होता. रुजू व्हायला पंधरा दिवस होते, म्हणून खेळायचं यंत्र घेऊन तो आमच्याकडे आला.

खेळ असा होता. कुठला तरी लाल मातीचा ग्रह, त्यावर माणसांच्या दोन वस्त्या. वर हवा बनवणारे राहतात, खाली खाणीत खपणारे. चार महिने खेळून अकोल्याचा शेवटाला आला होता. तोवर नुसत्या गोळ्या, फुटलेली डोकी, काचेवर उडालेलं रक्त. मला त्याचं काही वाटलं नाही, आयुष्यभर बोकडं साफ केली आहेत. शेवटी पाण्याची टाकी फुटते आणि खेळणाऱ्याने ठरवायचं असतं. डावं बटण दाबलं की खालच्या वस्तीचं पाणी तुटतं, उजवं दाबलं की दोन्ही वस्त्यांना अर्धं अर्धं. एकदा दाबलं की संपलं. त्या खेळात मागे फिरता येत नाही, हे दोघांनी इतक्यांदा बोंबलून सांगितलं होतं की मलाही पाठ झालं.

तीन दिवस त्या बटणांवरून भांडण चाललं.

"अबे, वाटून देल्लं तं दोन्ही वस्त्या मरतेत. बनवणाऱ्यानं तसंच ठेवलं हाये. तोडणं हाच खरा शेवट," घरचा म्हणायचा. त्याने तो शेवट फोनवर कुणाच्या तरी खेळात पाहिला होता.

"मंग मले इचारते काहून? चार महिने एकेकाले वाचवलं म्या. शेवटी दोन बटणं फेकते भिकाऱ्यापुढं फेकल्यावानी? म्या वाचवलेले लोक शेवटात दिसले पायजे."

"रडून घे. लिहिणाऱ्यानं लिहिलं तेच होईन."

"तुयासारख्या लाचारायनंच त्यायले माजवलं."

हे दोघंच असते तर एक वेळ चाललं असतं. पण फोनवर शेकडो लोकांचा गट होता, आणि त्यातही दोन पार्ट्या. कधी तोंड न पाहिलेली माणसं एकमेकांच्या आईबहिणी काढत होती. एकाने घरच्याला लिहिलं, तुझ्या घरी येऊन तंगडं तोडतो. याने त्याला पत्ता पाठवला. तिसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याच्याने जेवणाची ताटली भिंतीवर आपटली. मी दोघांच्याही कानफटात वाजवली.

"बाहेर मरा," म्हटलं.

दोघं अंगणात जाऊन फोनवर ओरडत बसले. पडद्यावर ती दोन बटणं तशीच लुकलुकत होती. मी समोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

बागेत तेव्हा ताण चालू होता. संत्र्याला बहर हवा असेल तर आधी पाणी तोडावं लागतं. झाड तहानेनं पानं मुरडतं, मरतुकडं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी पांढरं होतं. नवखा माणूस घाबरून मधेच पाणी देतो आणि बहर घालवतो. मला वाटलं, या दोन शिकलेल्या गाढवांना एवढं कळत नाही. खालच्या वस्तीला ताण द्यायचा, मग पाणी सोडायचं; मागे फिरता येत नसलं तरी पुढे सोडायचं बटण येईलच. मी उठले, त्यांचा रिमोट उचलला आणि डावं बटण दाबलं.

खालच्या वस्तीतली माणसं दारावर डोकी आपटू लागली. बाया, पोरं. वरच्यांनी दारातूनच गोळ्या घातल्या. जे गोळ्यांनी मेले नाहीत ते तहानेनं मेले. मी उभी राहून वाट पाहत होते. पाणी सोडायचं बटण आलंच नाही.

घरचा पाणी प्यायला आत आला, त्याने पडदा पाहिला आणि मोठ्याने हसला. मागोमाग अकोल्याचा.

"कोनं दाबलं?"

"मी," घरचा म्हणाला. "मेली तुयी वस्ती. जाय, रड."

खोटं बोलत होता. वादात जिंकल्याचा माज होता तो. मी तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी शेंगा सोलत राहिले. म्हटलं, दोन बुक्के मारतील आणि थांबतील.

दाराशी सल काढायची आरी होती, झाडाच्या वाळक्या काड्या कापायची, वाकड्या पात्याची. अकोल्याच्याने ती उचलून सरळ मानेवर घातली. घरच्याने उजवा हात आडवा धरला. दाते तळव्यातून गेले, दोन बोटं लोंबली, रक्त माझ्या सुपात पडलं. अकोल्याचा पुन्हा हात उचलत होता. मी पाण्याचा पितळी गंज त्याच्या कोपरावर हाणला, तेव्हा आरी सुटली.

अमरावतीच्या दवाखान्यात बोटं शिवली. डॉक्टरने पोलिसांना कळवलं. माझा मुलगा म्हणाला, "हाफ मर्डरची केस टाकतो. सडू दे त्याले." केस झाली की नोकरी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. अकोल्याहून मुलगी आली आणि भावाच्या पाया पडली. त्याने पाय ओढून घेतले. "जखमी काय बोलते ते बोलू दे," म्हणाला. हवालदार वही घेऊन खाटेपाशी आला.

मी म्हटलं, "थांबा. बटण म्या दाबलं होतं."

"तूनं?" घरचा उठून बसला. "काहून बे बुढे?"

"ताण द्याचा वाटला."

"वस्तीले?"

"हो. अन् तू खोटं काहून बोलला?"

मग त्याने मला आईवरून शिवी दिली, जन्मात पहिल्यांदा. मी ऐकून घेतली.

"लिहा," तो हवालदाराला म्हणाला. "सल काढता काढता आरी सुटली. माह्याच हातानं."

"डाव्या हातानं काढते का सल?" हवालदाराने विचारलं. मग माझ्याकडे वळला. "बाई, तुमी होत्या ना तेथं?"

"शेंगा सोलून राहिली होती. मले दिसलं नाही."

मुलगा दार आपटून गेला. महिनाभर माझ्याशी बोलला नाही. हवालदाराने लिहून घेतलं.

अकोल्याचा बाहेर बाकावर बसला होता. मी चप्पल काढली आणि हात दुखेपर्यंत त्याला झोडपला. लोक बघत होते, मुलगीही बघत होती. तिने अडवलं नाही, त्यानेही हात वर केला नाही.

"आत जाय," म्हटलं. "त्याले लघवीले ने. नाडी सोडाची, बांधाची. बोटं वळेपर्यंत हे काम तुयं. वळले नाही तं मरेपर्यंत."

तो गेला. आतून आधी शिव्या ऐकू आल्या, मग खाटेची करकर, मग संडासाचं दार.