पडताळा न घेतलेलं उत्तर

मंगलावहिनींचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात, भर दुपारी, अर्जांच्या गठ्ठ्यात मान घालून बसलो होतो. "भाऊजी, हे गेले जी," त्या म्हणाल्या. "सकाळी तलावात जाळं ओढतानी छातीत दुखलं. भंडाऱ्याले नेता नेताच..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्या या मित्राने, शालिकने, चाळिशीही गाठली नव्हती. आता पाच आठवडे होत आले, पण कागदावर कुठलाही आकडा लिहिला की पाठीमागून त्याचा आवाज येतो, "पडताळा घेतला का गा?" मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तरी खरं सांगतो, हल्ली आकडा लिहायची भीती वाटते.

आमची ओळख लाखनीच्या अभ्यासिकेतली. शालिक सिहोऱ्याकडचा, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. आत्याकडे राहून भरतीच्या परीक्षांची तयारी करायचा. हायवेवरून ट्रक गेला की आमच्या टेबलावरची पेनं नाचायची, आणि घातांकाचं समीकरण दिसलं की आमची डोकी. शालिक मात्र अशा वेळी खुशीत यायचा. "आधी पाया सारखा कर. मंग घात आपोआप बोलतेत," म्हणायचा. आठ दिसला की तो दोनाचा तिसरा घात करून मोकळा. पण त्याला एक खोड होती. उत्तर निघालं की ते मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पुढे सरकायचा नाही. सराव परीक्षेत त्याचे शेवटचे आठ-दहा प्रश्न हटकून राहायचे. मी मोबाइलवर वेळ लावून त्याच्या उरावर बसायचो. "अरे, तुझं उत्तर कधी चुकतं का? मग कायले मागं जातं?" तो हसायचा आणि मागे जायचाच.

वयाच्या अटीमुळे ती त्याची शेवटची परीक्षा होती. नागपूरच्या केंद्राबाहेर, आत जायच्या आधी, मी त्याच्या दंडाला धरून म्हणालो, "शालिक, आज पडताळा नाही. तुला माझी शपथ." शपथ! इतक्या हलक्या हाताने घातली मी ती. तो म्हणाला, "बरं गा. तू म्हणतं तं नाही घेत."

त्याने शब्द पाळला. आयुष्यात पहिल्यांदा सगळे प्रश्न सोडवून बाहेर आला. पुढे उत्तरतालिका आली तेव्हा आम्ही दोघं चहाच्या टपरीवर त्याच्या मोबाइलवर वाकलो होतो. दोनाचा क्षवा घात, अधिक पुन्हा दोनाचा क्षवा घात, बरोबर दोनाचा दहावा घात. तर क्ष किती? घाईतला माणूस घातांचीच बेरीज करतो आणि पाच म्हणतो. खरं उत्तर नऊ. पाच घालून पाहिले असते तर बत्तीस आणि बत्तीस चौसष्ट झाले असते, आणि समोर एक हजार चोवीस! दहा सेकंदांचं काम होतं. "पाच? मी पाच मारलं गा?" त्याने स्क्रीनवरचा प्रश्न बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला. सगळ्या अभ्यासिकेला हा प्रकार शिकवणारा तोच होता. यादी लागली तेव्हा तो त्या एका प्रश्नाने राहिला, मी लागलो. मला त्याने बोल लावला नाही, कधीच नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी त्याच्याकडे जाणं कमी करत गेलो, आणि कामाचं निमित्त तर नोकरदाराला नेहमीच सापडतं.

तेरवीनंतर त्याच्या घरी गेलो. मागच्या पडवीत भिंतीचा एक तुकडा काळा रंगवलेला, खाली सतरंजी. मासे विकून आल्यावर तो तिथे गावातल्या पोरांना भरतीचं गणित शिकवायचा, हे मला त्या दिवशी कळलं. त्याच्या शिकवणीतली एक पोरगी एकटीच गणित सोडवत उभी होती. उत्तर निघालं, तरी ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली आणि आकडे घालून पाहू लागली. मी विचारलं, "वेळ जात नाही का यात?"

"जाते नं," ती म्हणाली. "पण सर सांगत, त्यायनं एकदा आळस केला, पडताळा घेतला नाही, अन् नोकरी हातची गेली. म्हणून आमी घेतोच."

मंगलावहिनी दारात चहा घेऊन उभ्या होत्या. मी बोलायला हवं होतं. मी मान हलवली, चहा प्यायलो आणि निघून आलो...

पोरी, तुझं नावही मी विचारलं नाही. हे तुझ्या वाचनात आलं तर एवढं ध्यानात ठेव. तुझ्या सरांनी आळस केला नव्हता. त्यांना मी शपथ घातली होती.