आमची जॉयस आणि चंद्रावती काकीचं पाणी

वेंगुर्ल्याच्या बंदरावर कुणालाही विचारा, होडीचं इंजिन बंद पडलं तर कुणाला बोलवायचं. आग्नेलला, म्हणजे मला. शिकलो आठवी, पण नुसता आवाज ऐकून सांगतो कुठं बिघडलंय ते. हे आधी सांगतो, कारण पुढं माझी एक चूक येणार आहे आणि ती वाचून कुणी मला येडा समजायला नको.

लिहितोय मात्र माझ्या धाकट्या बहिणीबद्दल. जॉयस. इथल्याच एका हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात सिस्टर आहे, तेरा वर्षं झाली. आमच्या अख्ख्या वाडीत पहिली नर्स. पप्पा म्हणत होते, शाळा झाली, आता गोव्यात मावशीकडे धाडू, सोयरीक जमेल. नर्सिंगचा फॉर्म मी आणला. भरलाही मीच. तिनं नंतर त्यात दोन चुका काढल्या, ती गोष्ट वेगळी.

मला वाटायचं तिचं काम म्हणजे सुई टोचायची, ताप बघायचा. खरं काम मी बघितलं गेल्या नोव्हेंबरात, चंद्रावती काकी पडली तेव्हा.

काकी आमची शेजारीण. चाळीस वर्षं बाजारात मासे विकते. आमची आई वारली तेव्हा जॉयस अकरा वर्षांची. तिच्या वेण्या घालायची ती काकी. हाताला मासळीचा वास, त्यामुळं शाळेत पोरी जॉयसला चिडवायच्या. जॉयसनं काकीला कधी सांगितलं नाही.

तर काकी जेटीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन ठरलं. मुलगा प्रितेश गोव्याच्या ट्रॉलरवर, समुद्रात. सून अक्षदा काजूच्या कारखान्यात, ती संध्याकाळी यायची. दिवसा बसायला मी. माझ्यावाचून चार होड्या किनाऱ्याला पडून होत्या, पण बसलो.

जॉयस घरी मला दादा म्हणते. वॉर्डात म्हणते नातेवाईक. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातात एक कागद दिला. एका बाजूला पेशंटच्या पोटात किती गेलं, दुसऱ्या बाजूला बाहेर किती आलं.

"नातेवाईक, हा ग्लास दोनशे मिलीचा आहे. पाणी, चहा, पेजेची निवळ, जे जाईल ते वेळेसकट लिहायचं. लघवी वॉर्डातल्या मावशी मोजतील आणि लिहितील."

"माका शिकवतंस? डिझेल मापूक जन्म गेलो माजो."

"हळू बोला. पेशंट झोपलेत."

काकीचं हृदय थोडं कमजोर, म्हणून डॉक्टरांनी सलाईन बेतानं ठेवलं होतं. बाकीचं पाणी तोंडानं. लघवीची नळी लावायला काकी तयार नव्हती. "नळी घातलात तर मी उठान घराक जातलंय," म्हणाली, मोडक्या खुब्यानं. म्हणून बेडपॅन.

माझा कागद बघण्यासारखा होता. दर तासाला वेळ, आकडा आणि पुढं सही. सही कुणी मागितली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले आणि कागद बघत उभेच राहिले. चोवीस तासांत आत दोन हजार, बाहेर साडेतीनशे. रक्ताचा रिपोर्टही बरा नव्हता.

"एवढं पाणी जाऊन लघवी होत नाही, म्हणजे किडनीचा प्रॉब्लेम दिसतो. असं ऑपरेशन करता येणार नाही. उद्या रक्त परत तपासू. सुधारलं नाही तर गोव्याला हलवू."

डॉक्टर गेले तसा काकीनं माझा हात धरला. "आग्नेल, ऑपरेशन झाला नाय तर मी उठतलंय कशी रे? बाजारात बसाक जावक होया माका. खाटीवर पडान मी काय करू?"

मी म्हटलं, "मी आसय मा." पण आतून हललो होतो. इंजिन असतं तर खोलून बघितलं असतं.

डॉक्टरांबरोबर गेलेली जॉयस परत आली. "काकी, जीभ दाखव." जीभ उन्हात वाळत घातलेल्या बांगड्यासारखी. गळ्याखालची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. पाय दाबून बघितले, सूज नाही. छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. मापातली लघवी बघितली, कोऱ्या चहाच्या रंगाची.

"किडनीनं पाणी अडवलं असतं तर पायावर दिसलं असतं, छातीत ऐकू आलं असतं," ती स्वतःशीच बोलली. "हिच्या अंगात पाणीच नाही."

"मग माझा कागद काय खोटा?"

 शेजारच्या खाटेवर वालावलची विमला होती, मुतखड्यासाठी. तिचीही लघवी मोजत होते. जॉयसनं तिचा कागद काढला आणि दोन्ही कागद खिडकीच्या कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले. विमलाच्या आत गेलं होतं दोन हजार, बाहेर आलं होतं एकतीसशे.

"दादा," जॉयस म्हणाली. वॉर्डात पहिल्यांदाच दादा.  "तू पाणी दिलंस. काकीन पिलेला बघितलंस?"

नव्हतं बघितलं. ग्लास हातात द्यायचा, लिहायचं, सही करायची आणि व्हरांड्यात जाऊन फोन घ्यायचे. माझे फोन काय कमी असतात?

विमला छताकडं बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टरान माका सांगल्यान, भरपूर पाणी पी. काकी म्हणाली, माजापण घे गो बाय. मी नको कित्याक म्हणू?"

जॉयस स्टूल ओढून काकीजवळ बसली. ओरडली नाही. "काकी, पाणी कित्याक नको तुका?"

"तान लागणा नाय गो."

"खरा सांग."

"बाजारात बसाचा तर पाणी पिवचा नाय. पहाटे चाय, मगे दुपारी घराक गेल्यार पाणी. थय बायल माणसांनी जावक जागा खंय आसा? चाळीस वर्सां अशीच काडलंय. आता सवय झाली."

"हय जागा आसा. भांडा आणून देतत."

काकी तोंड फिरवून म्हणाली, "त्या भांड्यावर चडवतत तेव्हा जीव जाता माजो."

तीन दिवस सगळ्या सिस्टर तिला विचारत होत्या, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. काकी सांगायची शून्य. डॉक्टरांच्या कागदावर दुखण्याचं इंजेक्शन लिहिलेलं होतं, पण 'लागल्यास'. मागितलंच नाही तर देणार कोण? आणि बेडपॅन नको म्हणून तिनं होतं तेवढं पाणीपण विमलाकडं सरकवलेलं.

"दुखता म्हणान सांगूक काय झाला?"

"तू इतक्या खाटींक धावतंस. तुका आणि मी कित्याक हाक मारू?"

जॉयस उठली.  मग सरळ डॉक्टरांच्या खोलीत. मी मागोमाग, दाराशी.

"सर, आत गेलेल्या पाण्याचे आकडे चुकलेत. चूक आमची आहे. पिताना कुणी बघितलं नाही."

आमची म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मग मीच आत गेलो. "साहेब, कागद माझा. सही बघा खाली." असं स्वतःहून सांगणारी माणसं आमच्या तालुक्यात थोडी आहेत.

डॉक्टरांनी येऊन काकीला स्वतः तपासलं. सलाईन थोडं वाढवलं, जॉयसला श्वासावर नजर ठेवायला सांगितली. 'लागल्यास' खोडून इंजेक्शन घड्याळाप्रमाणं लावलं. माझे आकडे मला पुसायचे होते. जॉयस म्हणाली, "पुसूचा नाय. रेघ मार, चूक म्हणान लिही आणि सही कर. सही आवडता मा तुका."

पुढचं तिनं कसं केलं ते बघायला पाहिजे होतं. आधी इंजेक्शन. अर्धा तास थांबायचं. मग बसक्या तोंडाचा चपटा बेडपॅन, गुडघ्यांमध्ये उशी, दोन मावश्या आणि ती, तिघींनी एका दमात उचलायचं. मी पडद्याबाहेर. उचलताना काकी मावश्यांशी बोलत होती तेव्हा मला कळलं, आधीच्या वेळी ती गप्प असायची ती दात आवळून. पाणी पण ग्लासभर नाही, अर्धा कप, दर अर्ध्या तासानं, डोळ्यांसमोर.

"पाणी काय औषध आसा?" काकी कुरकुरली.

"होय. पी."

मी समोर बसून घोट मोजत होतो. फोन बंद. विमलाला मी सांगून ठेवलं, "तुझ्या तांब्यातला तू पी."

संध्याकाळपर्यंत मापात साडेचारशे, रंग उतरलेला. दुसऱ्या दिवशी रक्त सुधारत चाललेलं. डॉक्टर गोव्याचं नाव न काढता म्हणाले, आणखी दोन दिवस असंच ठेवा, मग ऑपरेशन घेऊ. घेतलं. सात सिस्टर आहेत त्या वॉर्डात, सगळ्या हुशार, पण शेजारच्या खाटेचा कागद बघायचं सुचलं ते आमच्या जॉयसला.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी काकीला उभं करायला वॉकर आणला. प्रितेशपण पोचला होता. जॉयसनं काकीला पलंगाच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडले. काकीनं वॉकरला हात लावला आणि काढून घेतला.

"जॉयस, दुखता गो माका," ती म्हणाली, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "आदी इंजेक्शन दी. मगे चलतंय."

जॉयसनं घड्याळ बघितलं आणि इंजेक्शन आणायला गेली. काकी कडेला बसून तिची वाट बघत राहिली.